अर्ध्या तासाचं वतन

वडिलांकडून तुम्हाला काय मिळालं, असं एखाद्याला विचारावं आणि त्यानं "अर्धा तास" असं सांगावं, तर?

मला हे उत्तर ओमानमधल्या एका डोंगरी गावात मिळालं. मस्कतमध्ये नोकरीला लागून तिसरं वर्ष चालू होतं. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. ऑफिसातला एक ओमानी मित्र डिसेंबरात मला त्याच्या गावी घेऊन गेला. ज्यांच्या घरी जेवलो-झोपलो त्यांच्या दारात अनोळखी माणसं नकोत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. पण ठिकाण सांगतो: अल हमरा नावाच्या जुन्या गावाच्या वरचा डोंगर. शेजारीच मिस्फात अल अब्रियीन आहे. 2021 मध्ये जागतिक पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांची यादी काढली, त्यात ते आहे. साधारण तसंच हे गाव. कड्याला घरटी चिकटवावीत तशी दगडमातीची घरं आणि घरांच्या पायाशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली शेतं. खजूर, केळी, पपई, लिंबं, डाळिंबं, गुरांसाठी लसूणघास. आजूबाजूचा डोंगर मात्र असा उघडाबोडका की गवताची काडी दिसायची नाही.

मित्राच्या वडिलांना मी बाबा म्हणू लागलो. बाबांना हिंदी येत होतं. ओमानमधल्या त्या पिढीतल्या पुष्कळांना येतं, कारण मुंबईशी त्यांचा व्यापार जुना. रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी छापलेला रुपया ओमानमध्ये 1970 पर्यंत चालत होता! बाबांनी लहानपणी पैसे मोजले ते रुपयांत. आधी खजूर, मग कहवा, अशा तिथल्या रीतीने पाहुणचार झाला आणि मी वडिलोपार्जित शेतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "जमीन थोडीशी. पण आधा घंटा पानी है. मेरे बाप का. उसके बाप का."

गावात एकच पाट. तो बाबांच्या वाट्याला एका फेरीत अर्धा तास. त्या अर्ध्या तासात पाटातलं सगळं पाणी त्यांचं, आणि अर्धा तास संपला की थेंबही नाही. हा अर्धा तास मुलांत वाटता येतो, भाड्याने देता येतो, विकताही येतो. मी माण तालुक्यातला. पाण्यासाठी रात्र रात्र दारं धरणारी माणसं बघत मोठा झालो. पण पाण्याचं वतन घड्याळाच्या काट्यावर मोजतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

हे कळायला आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. इथे मुळात पाणी येतं कुठून?

पावसाचा आकडा ऐका. ओमानच्या या अंतर्भागात वर्षाकाठी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, डोंगरमाथ्यावर थोडा जास्त. कोकणात जुलैतल्या एका दमदार दिवसात एवढा पडून जातो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बारमाही नदी एकही नाही. वाद्या आहेत, म्हणजे दगडगोट्यांनी भरलेली कोरडी पात्रं. त्या वर्षातून दोन-चार वेळा फुगतात आणि ओसरतात. अशा जागी खजुराची घनदाट बाग!

उत्तर डोंगराच्या पोटात आहे. हजर पर्वतरांगेतला बराचसा दगड चुनखडीचा आहे, कधीकाळच्या समुद्रतळावर साचलेला. या दगडाला भेगा फार. वर पडलेला थोडासा पाऊस वाहून जायच्या आत भेगांत शिरतो, खाली खाली झिरपतो आणि डोंगराच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांच्या जाड थरात साठून राहतो. माणसांनी एवढंच ओळखलं की पाणी आहे, फक्त खोल आहे. खोल पाण्यासाठी आपण काय करतो? विहीर खणतो, मोट लावतो, आता पंप लावतो. म्हणजे पाणी वर खेचतो.

ओमानच्या लोकांनी पाणी वर खेचलंच नाही.

गावाकडे जाताना वाटेत बिरकत अल मौज लागलं. नावाचा अर्थ केळ्यांचं तळं. तिथे मित्राने गाडी थांबवली आणि हे कोडं मला जमिनीवर काडीने रेघा ओढून उलगडून दाखवलं. आधी पायथ्याशी एक खोल विहीर खणतात, पाणी लागेपर्यंत. तिला उम्म अल फलज म्हणतात, म्हणजे फलजाची आई. मग या आईच्या तळापासून गावाच्या दिशेने एक बोगदा काढतात. माणूस वाकून जेमतेम जाईल एवढाच. बोगद्याला उतार असतो, पण अगदी नावाला: किलोमीटरभर अंतरात मीटर-दोन मीटर. तुमच्या घरापासून किलोमीटरभरावरच्या दुकानापर्यंत चालत जा आणि तेवढ्या वाटेत जमीन तुमच्या कमरेइतकीच उतरली आहे असं समजा. चालताना तुम्हाला तो उतार कळणारसुद्धा नाही. पाण्याला कळतो.

आता गंमत बघा. डोंगरापासून दूर जाताना वरची जमीन भराभर उतरते. खालचा बोगदा हळूहळू उतरतो. एक धावतोय, एक रांगतोय. मग कुठेतरी, काही किलोमीटरांवर, जमीन उतरत उतरत बोगद्यालाच येऊन मिळते, आणि पाणी उजेडात येतं. पंप नाही, बैल नाही, चाक नाही. पाणी वर चढलंच नाही, जमीन पाण्यापर्यंत खाली आली! ही रेघ मित्राने काढली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिलो. एवढी सोपी गोष्ट, आणि ती पहिल्यांदा सुचायला केवढं डोकं लागलं असेल.

उतार एवढा कमी का? जास्त ठेवला तर पाणी जोरात धावेल आणि बोगद्याचा तळ खरवडून काढेल. अगदीच कमी ठेवला तर गाळ बसेल आणि बोगदा बुजेल. मधली ती बारीकशी रेषा साधायची, तीही जमिनीखाली, तेलाच्या दिव्याच्या उजेडात. रेषा सरळ आहे की नाही हे बघायला खणणारा मागे दोन दिवे ठेवायचा. पुढून वळून बघताना दोन ज्योतींची एक ज्योत दिसली म्हणजे बोगदा सरळ चाललाय. उताराची परीक्षा पाणीच घ्यायचं, कारण साचलेल्या पाण्याइतकी सपाट गोष्ट दुसरी नाही. हवा यावी आणि माती वर काढता यावी म्हणून थोड्याथोड्या अंतरावर उभे कूप. वरून पाहिलं तर घुशींनी उकरलेल्या ढिगांची एक लांबच लांब रांग वाळवंटातून गावाकडे चाललेली दिसते. अवामिर नावाच्या जमातीची माणसं या खोदकामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होती.

या सबंध रचनेला फलज म्हणतात. अनेक असले की अफ्लाज. सगळेच बोगद्याचे नसतात. काही वाद्यांतलं उथळ पाणी वळवून आणतात, काही झऱ्यावरून निघतात. बाबांच्या गावचा झऱ्याचा होता. बोगद्याच्या फलजाला दाऊदी म्हणतात आणि त्याची गोष्ट सांगतात ती अशी. दाऊदपुत्र सुलेमान राजा उडत्या गालिच्यावरून जाताना ओमानात सलूतला दहा दिवस उतरला. मुलूख कोरडा बघून त्याने आपल्या जिनांना हुकूम केला, आणि जिनांनी रोज एक हजार या हिशेबाने दहा हजार फलज खणले. माणसाच्या हातून हे झालं असेल यावर माणसांचाच विश्वास बसेना, एवढं ते अवघड काम! जिनांचे दहा हजार राहू देत, पण सुमारे 3,000 फलज ओमानमध्ये आजही वाहते आहेत. यातले काही इसवी सन 500 च्या सुमाराचे असावेत, आणि या मुलखात पाटाच्या पाण्याच्या खुणा इसवी सनपूर्व 2500 पर्यंत मागे जातात. 2006 मध्ये युनेस्कोने यांतले 5 फलज जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

वाटेत वादी आडवी आली तर? पूर येईल तेव्हा पाट वाहून जाणार. म्हणून पाट वादीच्या अलीकडे एका उभ्या कूपात उतरवतात, पात्राच्या खालून पलीकडे नेतात आणि पलीकडच्या कूपातून पुन्हा वर आणतात. पाणी वर चढतं? चढतं. आपला गवंडी भिंतीची लेव्हल काढायला पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी धरतो ना, तिची दोन्ही तोंडं कशी एका पातळीला येतात? तेच हे. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा जरा खाली ठेवलं की झालं. आतून लेप सारूजचा, म्हणजे माती भाजून केलेला, पाणी न सोडणारा गिलावा.

बिरकत अल मौजच्या फलजाचं नाव अल खतमैन. युनेस्कोच्या पाचांतला हा एक. तो जुन्या किल्लेवजा वाड्यापाशी येतो आणि पुढे एका ठिकाणी त्याचे तीन पाट होतात. तिघांची रुंदी सारखी, तळ सारखा, आणि फुटण्याआधी पाणी संथ केलेलं, म्हणजे कुठल्या बाजूला झुकतं माप जायला नको. मी तिथे उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत होतो. मोजपट्टी नाही, मीटर नाही, झडप नाही. दगडाच्या दोन धारा पाण्याला तीन वाट्यांत चिरतात आणि तीन मोहल्ल्यांना सारखं पाणी जातं, दिवसरात्र. फलज हा शब्द ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थच मुळी चिरणं, वाटे करणं. म्हणजे नावात पाणी नाहीच. नावात वाटणी आहे.

पाट जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतो त्या जागेला शरिआ म्हणतात. हो, तोच शब्द. धर्माच्या कायद्याला आपण तो वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ पाण्याकडे जाणारी वाट. इथलं पाणी कुणाच्याच मालकीचं नाही. गावकरी असो की वाटसरू, प्यायला आणि घरात न्यायला कुणीही घ्यावं. त्यानंतर मशिदीत हातपाय धुण्यासाठी, मग पुरुषांची आणि बायकांची न्हाणीघरं, आणि मग पाट शेतात शिरतो. शेतातही मानाचा पहिला घोट खजुराचा. हंगामी पिकांचं रान सगळ्यांत शेवटी. हा क्रम इतका शहाणा का, ते पुढे येतंच.

पाटाच्या कडेला पाय सोडून बसलो तर बोटांना गुदगुल्या. बोटभर लांबीचे मासे पायाची मेलेली कातडी कुरतडत होते. हे गारा प्रजातीचे. आपल्या दख्खनच्या नद्यांत खडकाला चिकटून राहणारा मळ्या याच प्रजातीतला. अल हमराजवळच्या अल हूता गुहेत याच प्रजातीचे मासे अंधारात राहून राहून आंधळे झालेत, आणि दोन डोंगर सोडून त्यांचे डोळस भाऊबंद माझ्या टाचा साफ करत होते!

आता परत बाबांच्या अर्ध्या तासाकडे.

फलजाचं पाणी लिटरवर वाटत नाहीत, वेळेवर वाटतात. वाटणीचं एक माप आहे, अथर. एक अथर म्हणजे अदमासे अर्धा तास. चोवीस अथर मिळून एक बद्दा, म्हणजे बारा तास, एक दिवस किंवा एक रात्र. गावातले सगळे वाटे एकदा फिरून संपले की फेरी पूर्ण, पुन्हा पहिल्यापासून. फेरी किती दिवसांची, हे गावागणिक वेगळं.

इथे जरा थांबून आकडेमोड करू. समजा फेरी आठ दिवसांची आहे. मग ज्याची पाळी रात्री दोनला, त्याची ती जन्मभर रात्री दोनलाच. बिचारा कायम काळोखात, आणि शेजारी कायम उजेडात. पण फेरी साडेसात दिवसांची ठेवली तर? म्हणजे पंधरा बद्दे, विषम संख्या. मग आज रात्री दोनला पाळी असेल तर पुढची आपोआप दुपारी दोनला, त्यापुढची पुन्हा रात्री. एकाही माणसाला न दुखवता, एकही कागद न लिहिता, नुसत्या विषम आकड्याने न्याय झाला. बाबांच्या गावची फेरी अशीच होती.

पण वेळ मोजायची कशी? घड्याळं तर परवाची.

दिवसा सोपं होतं. उघड्यावर रोवलेली काठी आणि जमिनीवर सावलीच्या खुणा. काही गावांत बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक माप. हे वाचताना तुम्हाला काही आठवलं? लग्नाचा मुहूर्त साधायला आपल्याकडे याच रीतीचं घटिकापात्र मांडत. ते बुडालं की एक घटका, चोवीस मिनिटं. आपण त्याच्यावर लग्नं लावली, त्यांनी पाणी वाटलं.

आणि रात्री? रात्री तारे.

बाबा लहान होते तेव्हा त्यांचे वडील त्यांना पाळीवर घेऊन जात. ठरलेल्या दगडावर बसायचं आणि समोरच्या डोंगराच्या धारेवर नजर ठेवायची. गावाला माहीत असलेले ठरावीक तारे, त्यांची ठरलेली नावं. एक तारा धारेवर आला की एकाचं पाणी सुटलं, दुसरा आला की त्याचं बंद. प्रत्येक गावाची ताऱ्यांची यादी आपापली, कारण प्रत्येक गावाचा डोंगर वेगळा. बाबांनी बोट दाखवून म्हटलं, "सुरय्या." बघतो तर आपल्या कृत्तिका! तिच्यामागचा तांबूस तारा दबरान, म्हणजे पाठोपाठ येणारा. ती आपली रोहिणी. माझ्या आजोबांनी ज्या रोहिणीवरून पेरणीपूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधला, तिलाच इथे हे लोक घड्याळाचा काटा म्हणून बघत होते. तुम्हीही घरच्या गच्चीवरून मोजून पाहा. पूर्वेला कृत्तिका उगवल्या की साधारण तासाभराने रोहिणी उगवते. म्हणजे दोन अथर.

आणखी एक अडचण होतीच. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतो. आठवड्याभरात हा फरक अर्ध्या तासावर जातो, म्हणजे अख्खा एक अथर! आज ज्या ताऱ्याला बाबांचं पाणी सुरू झालं, त्याच ताऱ्याला पुढच्या महिन्यात सुरू केलं तर सगळा गाव विस्कटेल. म्हणून कुठल्या दिवसांत कुठला तारा धरायचा, हे तोंडपाठ असावं लागे. लिहितावाचता न येणारी माणसं आकाशाचं सरकतं वेळापत्रक डोक्यात बाळगून होती. आता मनगटावर घड्याळ आणि खिशात मोबाइल आलाय. अथर मात्र अथरच राहिला.

मला सगळ्यांत मोठं नवल वाटतं ते पुढे आहे.

लिटरऐवजी वेळ वाटल्याने काय साधलं? विचार करा. दुष्काळ पडला, पाट निम्म्यावर आला. लिटरची वाटणी असती तर पहिल्याने आपले लिटर पुरते घेतले असते आणि शेवटच्याच्या वाट्याला कोरडा पाट आला असता. इथे बाबांचा अर्धा तास अर्धा तासच राहतो, फक्त त्यातलं पाणी निम्मं होतं. सगळ्यांचंच निम्मं. श्रीमंताचं, गरिबाचं, मशिदीच्या नावावरच्या वाट्याचंसुद्धा. दुष्काळ आपोआप सारखा वाटला जातो, बैठक न घेता.

आणि मग तो खजूर पहिला, हंगामी रान शेवटी हा क्रम कामाला येतो. खजुराचं झाड कित्येक दशकं उभं राहतं, ते मेलं तर एक पिढी बुडाली. गहू, लसूणघास, भाजीपाला हे एका हंगामाचे पाहुणे. पाऊस बरा झाला की हंगामी रान पसरतं, पाणी आटलं की ते पडीक ठेवतात आणि आहे ते पाणी झाडांच्या मुळाशी. बाग फुगते-आकसते, मरत नाही.

फलजाचा कारभारी असतो, त्याला वकील म्हणतात. पाळ्यांचा हिशेब ठेवणारा वेगळा, लिलाव पुकारणारा दलाल वेगळा. काही अथर कुणा एकाचे नसतात, ते फलजाच्या स्वतःच्या नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून गाळ काढणं, पडझड दुरुस्त करणं चालतं. पाट स्वतःच्या दुरुस्तीचा पैसा स्वतःच कमावतो! जमीन नसलेला माणूसही अथर विकत घेऊन भाड्याने देऊ शकतो. पाणी जमिनीपासून मोकळं केलेलं आहे. आपल्याकडे विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनीही पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठेवला आणि भूमिहीनालाही वाटा दिला. दोन मुलुखांच्या वाटा वेगळ्या, पण पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवायचं धाडस दोघांनी केलं.

हे सगळं आपल्याला परकं नाही, हे मला तिथे बसल्यावर उमगत गेलं. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर शेकडो वर्षं फड चालले. बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या सगळं होतं, आणि पाणी कमी असेल त्या साली किती फडांना पाणी द्यायचं ते गाव आधी ठरवी. दाऊदी फलजाचा तर सख्खा भाऊच आपल्या घरात आहे. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने जमिनीखालून पाणी आणलं ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीपाशी उंचावरून पडणारं पाणी बघितलंय ना? ती नहर वेगळी, पुढच्या शतकातली, पण तिचंही पाणी मैलोन्‌मैल दुरून जमिनीखालून येतं आणि गवंड्याच्या नळीसारखंच वर चढतं. तिकडे बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा 1615 चा. शंभरावर कूप, खाली एकमेकांना जोडलेले.

फलजाला वैरी एकच, आणि तो आपलाही आहे: पंप. फलज डोंगराच्या पोटातलं तेवढंच पाणी घेतो जेवढं आपणहून वाहून येतं. पातळी खाली गेली की तो गप्प बसतो, पुन्हा पाऊस झाला की बोलू लागतो. त्याला उपसा करताच येत नाही. बोअरला मात्र तळ दिसेपर्यंत थांबता येत नाही. आईच्या विहिरीजवळ कुणी बोअर मारली तर किलोमीटरभर लांबचं गाव सुकतं. म्हणून ओमानमध्ये फलजाच्या आसपास विहीर खणण्यावर कायद्याने निर्बंध आहेत.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबांच्या घरातून एक डबा बाहेर आला. उघडला तर आत खारीक! आपली, ओटीत घालतो तीच. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात कुटून घालतो तीच. ही मबसली नावाच्या जातीच्या खजुराची. झाडावर पिवळी झालेली, अजून कडक असलेली फळं तांब्याच्या मोठ्या कढयांत उकळायची आणि उन्हात वाळवायची, की ही तयार. ती पिढ्यान्‌पिढ्या गलबतांतून भारतात जात आली. आपल्या बाजारातली सगळीच खारीक ओमानची नसते, पण ओमानच्या खारकेचं मोठं गिऱ्हाईक आपणच. मी बाबांना सांगितलं, आमच्याकडे लग्नात नवरीच्या ओटीत ही घालतात. त्यांनी ते घरातल्या बायकांना अरबीत सांगितलं आणि पडद्याआडून हसण्याचा आवाज आला.

रात्री अडीचला बाबांची पाळी होती. मीही निघालो. बोळातून उतरताना पाटाचा आवाज सोबतीला. खाली एक माणूस कंदिलासारखी बॅटरी घेऊन आधीच उभा, त्याचा अर्धा तास संपत आला होता. दोघांनी सलाम केला, मोबाइल बघितले. बाबांनी चिंध्या गुंडाळलेला एक दगड उचलला. एवढंच दार. आपण मातीने दारं मोडतो-बांधतो, हे दगडाने. दगड निघताच पाणी वळलं आणि पहिल्या खजुराच्या आळ्यात गरगरत शिरलं. आळं भरलं की पुढचं, ते भरलं की त्याच्या पुढचं. बाबा काही न बोलता, वाकून, पाण्याच्या पुढे पुढे चालत होते. माझे वडील ज्वारीला पाणी देताना असेच चालायचे. बरोबर तीनला खालच्या अंगाने तिसरा माणूस आला. बाबांनी दगड जागेवर ठेवला, चिंध्या पायाने दाबल्या, आणि पाणी त्याच्याकडे गेलं.

बाबांची पुढची पाळी साडेसात दिवसांनी होती, दुपारी अडीचला.